करंजाड्याची दुपार, आमची संध्याकाळ

आमच्या वसाहतीतली माणसं मुंबईकडे जातात ती दवाखान्यासाठी नाहीतर लग्नासाठी. आम्ही दोघं गेलो ते एका यंत्रापाशी बसायला. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय पाहिलं?" आणि मी सांगायला लागले की अर्ध्यातच थांबते. म्हणून लिहूनच काढते. ज्यांनी नवी मुंबई पाहिली नाही त्यांना ती थोडीफार कळेल, आणि ज्यांनी पाहिली आहे त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

आम्ही म्हणजे मी, निवृत्त शाळामास्तरीण, आणि आमचे 'हे'. यांची सारी नोकरी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. चिमण्यांच्या सावलीत आमचा संसार झाला. पापड वाळत घातले की त्यावर राखेची बारीक पूड बसायची, आणि ती झटकताना कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. राखेनं पोट भरतं, असं माझी सासू म्हणायची.

आमची मुलगी केतकी मात्र उन्हाची वीज करणाऱ्या एका कंपनीत आहे. तिचं ऑफिस बेलापूरला, घर करंजाड्याला. बाप कोळशाचा आणि लेक उन्हाची, त्यामुळे आमच्या घरात भाजी खारट झाली नाही तरी जेवताना वाजतंच. जावई जहाजावर. घरी केतकी आणि तिची सासू. या सासूबाईंची फुफ्फुसं आकसलेली आहेत. एक यंत्र खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं त्यांच्या नाकाला देतं, आणि ते चोवीस तास विजेवर चालतं. केतकीला राजस्थानात नवा सौर प्रकल्प जोडायला जावं लागणार होतं आणि घरची नेहमीची बाई गावाला गेलेली. "आई, आठ दिवस या ना दोघं," ती फोनवर म्हणाली. मी हो म्हटलं. आयुष्यभर आम्ही वीज पाठवणाऱ्यांच्या गावात राहिलो. ती पलीकडे पोचते की नाही याची काळजी आम्हाला कधी करावी लागली नव्हती.

करंजाडे

पनवेलच्या दक्षिणेला हे गाव. गाव कसलं, उगवत्या इमारतींचं शेत. क्रेन, पत्रे, टँकर, आणि डोक्यावरून पोट दाखवत जाणारी विमानं. केतकीचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. मी सवयीनं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. आमच्याकडे ते काळं होतं, इथे सिमेंटनं पांढरं झालं. तेवढ्यानं उगाच ओळखीचं वाटलं.

विहीणबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. मूळच्या चिपळूणकडच्या. दम पुरत नाही म्हणून वाक्यं तोडून बोलतात, पण तिरकस बोलायची हौस काही त्या आजारानं नेली नाही. यांना पाहून म्हणाल्या, "या व्याही. तुमच्या विजेवरचं यंत्र... सांभाळायला... तुम्हीच आलात ते बरं." शेजारी ते यंत्र घर्र-फुस्स, घर्र-फुस्स करत होतं.

केतकीनं निघताना सगळं समजावलं. यंत्र इन्व्हर्टरवर जोडलेलं. वीज गेली तर गॅलरीतल्या बॅटरीवर चार तास आरामात चालेल. दाराआड एक छोटा सिलिंडर, तो फक्त हॉस्पिटलपर्यंत पोचण्यापुरता. बोटाला लावायचा चिमटा, त्यावरचा आकडा नव्वदच्या खाली गेला की घाबरायचं. "त्याच्या आधी नाही हं, आई," ती हसून म्हणाली. मी मात्र आधीपासूनच घाबरले होते.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. आमच्याकडे फोडणीचा ठसका लागला नाही तर भाजी झाली असं कुणी मानत नाही. मी मिरचीची फोडणी दिली आणि आतल्या खोलीत विहीणबाईंना असा खोकला लागला की चिमट्यावरचा आकडा घसरत गेला. खिडक्या उघडल्या, दार लावलं, पंखा लावला. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "वऱ्हाड... घोड्यावरून नाही... फोडणीवरून आलं." त्यानंतर स्वयंपाकघराचं दार लावल्याशिवाय मी मोहरीला हात लावला नाही. मग त्यांनी पलंगावरूनच मला वालाचं बिरडं शिकवलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात सोलत बसायचं, नारळ सढळ हातानं. मी सवयीनं शेंगदाण्याचा कूट घालायला गेले तर त्यांनी नळीसकट मान हलवली.

हे मात्र संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीकडे पाहत बसायचे. मे महिना, घामाच्या धारा. प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा. सहा वाजले की माणसं कामावरून परतत आणि एकेक डबा घुरघुरायला लागे.

"पाहा," हे म्हणायचे, "सूर्य गेला, अन् हे सगळे घरी आले. आता कोन पुरवनार यायले?"

मला सगळं कळत नाही, पण ऐकून ऐकून जे कळलं ते सांगते. पूर्वी यांच्या केंद्रात बॉयलर पेटला की महिनोन् महिने एका लयीत जळायचा. आता दुपारी देशभरातून उन्हाची वीज इतकी येते की वरून फोन येतो, तुमचं कमी करा. सूर्य कलला की तीच वीज तासा-दोन तासांत गडप होते आणि घराघरांतले एसी सुरू होतात. मग परत फोन, उचला, लवकर उचला. जुनी यंत्रं ही रोजची चढ-उतार करायला बनवलेलीच नाहीत. नळ्या फुटतात, माणसं थकतात. यांच्या जुन्या वीजनिर्मिती संचाचं तर बंद करायचं ठरलंच आहे. "बैलाले दुपारी सोडायचं, अन् अंधार पडल्यावर धावायले लावायचं," हे म्हणतात. केतकी म्हणते, दुपारची वीज मोठ्या बॅटऱ्यांत भरून ठेवायची आणि संध्याकाळी वापरायची, तेच उत्तर आहे. यांना ते पटलेलं आहे, फक्त लेकीसमोर कबूल करत नाहीत.

द्रोणागिरी

रविवारी दुपारपुरती विहीणबाईंची बहीण पनवेलहून येऊन बसली आणि विहीणबाईंनी आम्हाला जवळजवळ हाकललंच. नेणार होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या वंदनाताई कांबळे. माहेर लातूरकडे, लहानपणीच नवी मुंबईत आलेल्या. द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात हिशेब पाहतात, आणि रोज स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीनं जातात. बोलणं भरभर. "काका, पुढं बसा. काकू, एसी वाढवू? टेन्शन नाय, फुल चार्ज हाय."

रस्त्यात एक भलीमोठी इमारत लागली. खिडकी एकही नाही. बाजूला जनरेटरची रांग. यांनी विचारलं, कारखाना कशाचा?

"डेटा सेंटर, काका. आपले फोटो, मेसेज, बँकेचं सगळं आतमंदी."

"बंद कधी असते?"

"कधीच नाय. दिवाळीला पन नाय."

हे मान वळवून ती इमारत दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग काच खाली करून बसले. मला वाटलं गाडी लागली की काय.

द्रोणागिरीकडे जाताना खाडी लागते. कांदळवनात उभे विजेचे मनोरे, कंटेनरचे डोंगर, गोदामांच्या छपरांवर निळी सौर पॅनेलं. आमच्याकडे कोळशाचा ढीग दिसला की गाव जवळ आलं कळतं. इथे गाव कुठे संपलं आणि बंदर कुठे सुरू झालं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. एका झाडाखाली ताडगोळे विकणारी आगरी म्हातारी बसली होती. वंदनाताईंनी तिथेच गाडी थांबवली, डिकीतून किटली काढली आणि गाडीच्या चार्जिंगच्या भोकात एक जाड पिन खुपसून किटली तिला जोडली. पाणी उकळायला लागलं. मी तर पाहतच राहिले. गाडी वीज खाते एवढंच मला माहीत होतं, ती परत देते हे नवीनच.

"घरचा मिक्सर पन चालतो काकू. गनपतीला आमच्या सोसायटीचं माईक-लायटिंग हिच्यावरच केलंवतं."

म्हातारीलाही चहा दिला. यांनी तिला मनोऱ्यांबद्दल विचारलं. ती हसली. "ये तारा कवाच्या हायेत. आमचे लहानपनी वरून जायच्या मुंबयला, आन् खाली घरान चिमनी जलायची. मिठागरावर रातचं जायाचं तं कंदील." मग यांच्याकडे निरखून म्हणाली, "तुमी लायटीतले का?" यांनी मान हलवली. "मंग तुमची लाईट आमचे डोक्यावरनंच गेली म्हना." आम्ही तिघी हसलो, पण यांचा चेहरा पडला. त्यांनी तिच्याकडून गरजेपेक्षा दुप्पट ताडगोळे घेतले.

सोमवारची संध्याकाळ

आमच्या घरी एक जुना रिवाज आहे. संध्याकाळी सहा ते दहा विजेची ओढ सर्वांत जास्त, यांच्या भाषेत 'पीक', म्हणून हे त्या वेळात घरभर फिरून नको ते दिवे, पंखे बंद करतात. वसाहतीतल्या बऱ्याच घरांत ही सवय आहे. बाहेरच्यांना चेष्टा वाटते, आम्हाला देवापुढे दिवा लावण्याइतकी साधी गोष्ट वाटते. ती डेटा सेंटरची इमारत पाहिल्यापासून यांच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. सोमवारी सहा वाजता हे गॅलरीत गेले आणि इन्व्हर्टरचं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो, हे काय?"

"काहून घाबरतेस? यंत्र बॅटरीवर चालू आहे, ऐक. पीक संपला की दहा वाजता यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगवर लावतो, अन् बॅटरी उद्या दुपारी भरतो, लेकीच्या उन्हावर. तिचंच म्हननं आहे ना."

मला ते बरं वाटलं नाही. पण खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. देशानं जे करायला हवं ते आमचा माणूस एका पलंगाशेजारी करून दाखवत होता. विहीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या श्वासानं... देशाला मदत होत असेल... तर होऊ दे." यंत्र घर्र-फुस्स करत राहिलं. दहाला बॅटरीचा दिवा लाल झाला होता, तेव्हा यांनी ठरल्याप्रमाणे यंत्र भिंतीवर लावलं आणि समाधानानं झोपले.

मंगळवार

सकाळी मी वाल सोलत होते. साडेदहाच्या सुमारास पंखा मंदावला, थांबला, आणि आतून यंत्राची शिट्टी सुरू झाली. वीज गेली होती.

हे धावले. यंत्र इन्व्हर्टरला जोडलं. ते दोन-तीन मिनिटं चाललं आणि परत शिट्टी. बॅटरीत काही उरलंच नव्हतं. ती भरायला यांनी दुपार निवडली होती, आणि दुपार व्हायच्या आधीच वीज गेली. हे बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. आयुष्यभर शेकडो बटणं सांभाळलेला माणूस एका बटणापुढे असा उभा मी कधी पाहिला नव्हता.

मी दाराआडचा सिलिंडर ओढला, नळी लावली. त्यानं जरा बरं झालं; आकडा ब्याण्णववर राहिला. सिलिंडरचा काटा मात्र डोळ्यांदेखत सरकत होता. खाली वॉचमनकडे धावले. तो म्हणाला, "मावशी, ट्रान्सफॉर्मर बदलतायत. एसी वाढले ना, लोड झेपत नव्हता. पाच वाजेपर्यंत बंद. ग्रुपवर मेसेज आलावता ना?" मेसेज केतकीच्या फोनवर आला असणार, आणि केतकी वाळवंटात, जिथे फोन लागत नाही. इन्व्हर्टर कुणाकडे आहे का? त्यानं मान हलवली. "इथं लाईट जातेच कुठं, मावशी."

अँब्युलन्सला फोन केला. येतो म्हणाले, पण अपघातावर गेली आहे, वेळ लागेल. विहीणबाईंनी माझा हात धरला. "हॉस्पिटल... नको." गेल्या वर्षी त्या तिथे महिनाभर होत्या. तिथल्या भीतीनं त्यांचा श्वास आणखी वाढला, आणि आकडा एकेक करत खाली येऊ लागला. मला त्या क्षणी यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे पाहवेना. आणि पाहिलं तर हे भिंतीला टेकून खाली बसलेले, हात डोक्याला. तेव्हा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली.

तेवढ्यात मला ती किटली आठवली.

वंदनाताईंना फोन लावला. त्या द्रोणागिरीला ऑफिसात होत्या. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण त्यांनी एकदाच विचारलं, "काटा कुठं हाय?" मी सांगितलं. "काकू, निघाले. फोन चालू ठेवा." फोनमधून मला त्यांच्या गाडीचा हॉर्न, ट्रेलरवाल्यांना त्यांनी घातलेल्या शिव्या, सगळं ऐकू येत होतं. उरण रस्त्याला कंटेनरची रांग होती. "जासईला हाय... पूल उतरले..." मध्येच आवाज तुटला की मी देवाचं नाव घ्यायची. हे एकदम उठले आणि कपाटातून केतकीची एक्स्टेन्शनची वायर शोधून काढली, तिची पिन तपासली, गॅलरीतून खाली पार्किंगपर्यंत सोडून पाहिली. पुरली.

काटा लाल पट्ट्यात गेला. आकडा सत्याऐंशी. मी विहीणबाईंच्या पाठीवर हात फिरवत होते आणि त्या माझ्याबरोबर श्वास मोजत होत्या, आत, बाहेर. हे गॅलरीत ओणवे होऊन गेटकडे पाहत होते.

"आली!" हे ओरडले, लहान पोरासारखे.

वंदनाताईंनी गाडी थेट गॅलरीखाली लावली. खालून पिन, वरून वायर. "लावली काका!" आणि आतल्या खोलीत घर्र-फुस्स सुरू झालं. मी चिमट्याकडे पाहत राहिले. सत्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा सत्याऐंशी. मग हळूहळू ब्याण्णव. मी पलंगावरच बसून रडले. अँब्युलन्स नंतर आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हलवायची गरज नाही.

वंदनाताई वर आल्या तेव्हा घामानं भिजलेल्या होत्या. मी त्यांना वालाचं बिरडं आणि भात वाढला. हे जेवले नाहीत. गॅलरीत त्या वायरकडे पाहत उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ताई, गाडी चार्ज केव्हा करता?"

"रोज झोपताना लावते, काका. खाली पॉइंट हाय ना."

हे पुन्हा त्या वायरकडे वळले. मला कळलं. झोपताना ऊन नसतं. रात्रीची वीज बहुतेक कोळशाचीच. आमच्या बॉयलरची असो नाहीतर दुसऱ्या कुणाच्या. यांनी पंच्यानं डोळे टिपले आणि आत जाऊन विहीणबाईंसमोर उभे राहिले, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

"मी चुकलो," एवढंच म्हणाले.

विहीणबाईंनी दोन-तीन श्वास घेतले. "व्याही... गणित बरोबर होतं. फक्त... घर चुकलं."

रात्री केतकीचा फोन लागला तेव्हा तिला आम्ही सगळं सांगितलं. आधी ती ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, मी आल्यावर दुसरी बॅटरी घेते." यांनी वाद घातला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं.

घरी

परत आलो तेव्हा दुपार होती. यांच्या जुन्या संचाच्या चिमणीतून जेमतेम धूर निघत होता. देशभर ऊन होतं, आमची गरज नव्हती. पूर्वी ती मोकळी चिमणी पाहून हे दिवसभर चिडचिड करायचे. या वेळी नुसते बघून आत गेले. संध्याकाळी धूर दाट झाला. मी अंगणात उभी राहून तो पाहत होते आणि मनात येत होतं, हा संच बंद होईल तेव्हा तिकडच्या बॅटऱ्या तयार झालेल्या असतील ना? त्या खिडकी नसलेल्या इमारती अजून किती वाढतील? हा धूर चांगला नाही हे मलाही कळतं, माझ्याच माणसाचा खोकला मी रोज ऐकते. पण मधल्या संध्याकाळी कुणी काढायच्या, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

आता रोज दिवेलागणीला करंजाड्याहून फोन येतो. विहीणबाई फार बोलत नाहीत, दम लागतो. त्या फोन यंत्राजवळ धरतात. हे डोळे मिटून ऐकतात. घर्र-फुस्स, घर्र-फुस्स. मग मला सांगतात, "चालू आहे."

त्यानंतर ते उठतात आणि सवयीप्रमाणे आमच्या घरातले दिवे एकेक करून बंद करतात. पूर्वी मी माझ्यापुरता पंखा चालू ठेवायची. आता मीच पंखाही बंद करते, आणि आम्ही दोघं अंधारात, घाम पुसत, दहा वाजेपर्यंत बसून राहतो.